रिकामी खुर्ची कोणी भरायची?

जळगावच्या काव्यरत्नावली चौकातल्या आमच्या कट्ट्यावर नानांनी रविवारी पोटनिवडणुकीचा विषय काढला. लेकीकडे इंग्लंडला राहून आल्यापासून नानांचे प्रत्येक वाक्य "तिकडे" या शब्दाने सुरू होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

"तिकडे पॅरिश कौन्सिलची, म्हणजे त्यांच्या ग्रामपंचायतीची, जागा मध्येच रिकामी झाली की नोटीस लागते," नाना म्हणाले. "चौदा कामकाजी दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर निवडणूक, नाहीतर उरलेले सदस्यच एखाद्या भल्या माणसाला आत घेतात. खर्च नाही, भोंगे नाहीत, मटणाच्या पंगती नाहीत!"

"उरलेल्यांनी भला माणूस शोधायचा, तर आधी उरलेले भले पाहिजेत," जिभाऊ शांतपणे म्हणाले. "आपल्याकडे मग कोणाचा मेहुणा घ्यायचा, एवढेच ठरवायचे बाकी राहील."

वकील असलेल्या आप्पांनी समजावले की, आपल्याकडे ही निवडणूक घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाचे आहे, निवडून येणाऱ्याला उरलेल्या मुदतीपुरतेच पद मिळते आणि जागा राखीव असेल तर ती राखीवच राहते. त्यामुळेच काही ग्रामपंचायतींत अर्जच न आल्याने तीच जागा पोटनिवडणुकीनंतरही रिकामी राहते.

"मग तिथे तरी माणूस आत घ्या ना!" नाना उसळले.

मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण जिभाऊंनी तो तिथेच अडवला. "जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत हाती पडले नाही म्हणून राखीव जागेवर निवडून आलेल्याचे पद जाते, आणि त्या धास्तीने पुढच्या वेळी कोणी अर्ज भरायला धजत नाही. आधी दाखल्यांच्या फाइली हलवा. अन् एका खुर्चीचे काय घेऊन बसलात? २०२३ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जळगाव महापालिकेचे अख्खे सभागृह रिकामे होते. तेव्हा तुमच्या दारासमोरच्या गटारीचे झाकण फुटले, तर तुम्ही कोणाकडे गेलात?"

नाना गप्प. ते जुन्या नगरसेवकाकडे गेले होते, त्याने "मी आता माजी" म्हणून चहा पाजून वाटेला लावले आणि झाकणाच्या जागी बाभळीची फांदी उभी करून नानांनीच पावसाळा काढला, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

"खरी गोष्ट वेगळीच आहे," आप्पांनी हळूच पुस्ती जोडली. "निवडणूक न लढता नेमल्या जाणाऱ्या स्वीकृत सदस्यांच्या यादीत नाव लागावे म्हणून नानांनी मागे जॅकेट शिवून घेतले होते. ते अजून कपाटात आहे."

"शिवले होते! काय चुकले?" नाना तांबडे झाले.

"काही नाही. पण महापालिकेत स्वीकृत सदस्याला मतदानाचा अधिकार नसतो, हे माहीत आहे ना?"

"मत कोणाला हवे आहे? दारावर पाटी लागली असती, तर झाकण दुसऱ्या दिवशी बसले असते!"

यावर जिभाऊंनाही उत्तर सुचेना. त्यांना चहाचा ठसका लागला आणि बैठक हसण्यातच उठली.