"आई झालीस ना, मग लघवी सुटणारच" म्हणणारा तो मेसेज

काल नणंदेने एक मेसेज पाठवला, 'प्रत्येक आईने वाचलाच पाहिजे' छापाचा, खाली 'जास्तीत जास्त बहिणींना पाठवा'. एरवी असलं काही मी न वाचताच उडवते. पण खाली तिने लिहिलं होतं, "वहिनी, बघ ना, आता पळणं सोडावंच लागणार." बाळ वर्षाचं झालंय, ही पळायला निघायच्या आधी दोन-तीनदा बाथरूमला जाऊन येते, काळी सोडून दुसरी ट्रॅकपँट घालत नाही, आणि त्यात या मेसेजने तिला सांगितलं की हे असंच चालायचं. डोकंच फिरलं माझं.

मेसेज थोडक्यात असा: बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटते, त्याला इलाज नाही. सिझर झालेल्यांना हा त्रास नसतो. पळणं, उड्या, वजन उचलणं कायमचं बंद करा. पाणी कमी प्या. रोज लघवी करताना धार मधेच अडवा. आणि पोटाला दिवसरात्र पट्टा बांधा म्हणजे पोटातली गॅप (गरोदरपणात पोटाच्या मधल्या स्नायूंमध्ये पडलेलं अंतर) भरते.

'इलाज नाही' हे कुठून आणलं? बऱ्याच जणींना होतं हे खरं, पण सर्दीही बऱ्याच जणांना होते म्हणून कुणी जन्मभर नाक गळत ठेवत नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा आहे, १४ देशांतल्या ३१ चाचण्या, १८१७ बायका. खोकताना, उडी मारताना लघवी सुटणाऱ्या ज्या बायकांनी पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी लघवी-शी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे, व्यायाम केले त्यांच्यातल्या ५६ टक्के जणींनी त्रास गेला असं सांगितलं, व्यायाम न केलेल्यांत फक्त ६ टक्के. ना ऑपरेशन ना गोळी. इतका फरक दिसत असताना 'सहन करा' सांगणं म्हणजे कमाल आहे.

सिझरचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. नॉर्वेतल्या पंधरा हजारांवर बायकांचा अभ्यास २००३ साली आला होता, त्यात मूल न झालेल्यांत १० टक्के, सिझर झालेल्यांत १६ आणि नॉर्मल झालेल्यांत २१ टक्के जणींना लघवी सुटायचा त्रास होता. म्हणजे धोका कमी, पण 'नसतो' नाही. नऊ महिने बाळाचं वजन त्याच स्नायूंनी पेललेलं असतं, बाळ बाहेर कुठून आलं ही नंतरची गोष्ट.

आता ती धार अडवायची भानगड. हा सगळ्यात बेकार सल्ला, आणि नेमका हाच जो तो सांगतो. लघवी करताना ब्लॅडर, म्हणजे लघवीची पिशवी, आकसत असतं आणि खालचे स्नायू सैल सुटतात, अशी जोडी ठरलेली आहे. मधेच खालून आवळलं की ब्लॅडरला थांबायचा निरोप जातो आणि थोडी लघवी आतच राहू शकते. हे रोज करत बसलात तर ब्लॅडर नीट रिकामं न व्हायची सवय लागू शकते आणि इन्फेक्शनला आयतं निमंत्रण. कुठला स्नायू ते कळावं म्हणून एखाद्या वेळी करून बघितलं तर ठीक, पण तो व्यायाम नव्हे. व्यायाम करायचा रिकाम्या ब्लॅडरने, बसून किंवा आडवं पडून. गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं, श्वास चालू, मांड्या नि ढुंगण सैल, मग पूर्ण सोडायचं. सोडणं पण तितकंच महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनात किमान ८ वेळा आवळणं, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने असं आहे, तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. देखरेख का, तर १९९१ च्या एका छोट्या अभ्यासात नुसतं तोंडी समजावल्यावर निम्म्याच जणींना ते नीट जमलं, आणि पाव जणी उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे त्रास वाढवायचाच प्रकार. आणि काही जणींचे स्नायू मुळात घट्ट असतात, संबंधाच्या वेळी दुखतं, त्यांनी आणखी आवळत बसलं तर दुखणं वाढतं. एका मेसेजवर सगळ्यांनी आवळत सुटायची ही गोष्टच नाही.

पळणं-उड्यांनी खाली ताण येतो, यात वाद नाही. स्वीडनमधल्या ट्रॅम्पोलिनवाल्या मुलींच्या २००२ च्या अभ्यासात सरासरी वय १५, मूल एकीलाही नाही, तरी ८० टक्के जणींची सरावात लघवी सुटत होती. पण म्हणून 'कायमचं बंद'? ब्रिटनच्या फिजिओंनी २०१९ मध्ये पळण्याबद्दल जे लिहिलंय त्यात बाळंतपणानंतर ३ महिन्यांच्या आत पळू नका, आणि त्यानंतरही लघवी सुटत असेल, खाली जड वाटत असेल तर आधी ते बघून घ्या, असं आहे. तोवर चालणं, सायकल, ताकदीचे व्यायाम, वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, आणि खोकला-शिंक येतेय असं वाटलं की क्षणभर आधी खालून आवळून घ्यायचं. व्यायामच सोडलेल्या बाईचं वजन वाढलं तर त्याचाही भार तिथेच पडणार ना.

पाणी कमी प्यायचं काय डोंबल! लघवी घट्ट होते, बद्धकोष्ठ होतं, मग जोर काढा, आणि तो जोर नेमका त्याच स्नायूंवर. वारंवार घाईची लागत असेल तर चहा-कॉफी कमी करून बघा, तेवढं पुरे.

पट्ट्याने सिझरनंतर उठता-बसताना आधार वाटतो, बांधा खुशाल. गॅप त्याने भरत नाही. नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींमध्ये सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींना गॅप होती, वर्षाने ३३ टक्क्यांना, आणि गॅप असलेल्यांची कंबर बाकीच्यांपेक्षा जास्त दुखत होती असंही नाही.

खाली काही उतरल्यासारखं वाटतंय, धुताना हाताला गोळा लागतोय, लघवीत रक्त किंवा जळजळ आहे, गॅस-शी रोखता येत नाहीये, तर थेट गायनॅककडे जा. नुसती लघवी सुटत असेल तरी जाच, आणि पेल्विक फ्लोअरच्या फिजिओकडे पाठवा असं तोंडाने मागा, कारण न मागता सगळेच पाठवतात असं नाही.