हॉर्लिक्सच्या मॅनेजरची काळी जादू

‘टॅरोचे पत्ते (भविष्य पाहायला वापरतात ते चित्रांचे पत्ते) घरात ठेवू नका’ असा एक मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. त्यात तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितलेल्या असतात: पत्ते मूळचे इजिप्तच्या पुजाऱ्यांचे, आर्थर एडवर्ड वेट नावाच्या काळ्या जादूगाराने फुटीर पंथ काढून ते पळवले, आणि त्यानेच ते मंतरून चितारले.

इजिप्तचं आधी उरकतो. टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत आला, तोही डाव मांडून खेळण्यासाठी. इजिप्तची कथा १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पसरवली. इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने केला १८२२ मध्ये. म्हणजे जेबलँसाहेबांना जी लिपी वाचताच येत नव्हती, तिचा हवाला! आणि ही कथा पुराव्याशिवायची आहे असं ठणकावणाऱ्यांत खुद्द वेट होता.

आता जादूगार. लंडनमध्ये १८८८ साली ‘गोल्डन डॉन’ नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. वेट १८९१ मध्ये तिच्यात शिरला. १९०० पासून तिथे भाऊबंदकी सुरू झाली आणि १९०३ मध्ये वेट आपला गट घेऊन वेगळा झाला. फुटीर पंथ त्याने काढला, हे खरंच. पण कशासाठी? विधींतली जादूटोण्याची बाजू काढून टाकून ख्रिस्ती गूढवाद, म्हणजे जवळजवळ आपल्याकडच्या भक्तिमार्गासारखं काही, पुढे आणायला. ज्यांना जादूच हवी होती ते त्याच मंडळीतल्या डॉ. फेल्किन यांच्यामागे गेले. वेटने १९१४ मध्ये तो गटही मोडला आणि पुढच्या वर्षी आणखी शुद्ध सोवळ्यातला नवा काढला.

मग ‘काळी जादू’ चिकटली कुठून? मला वाटतं, त्याच्या १८९८ च्या पुस्तकाच्या नावातच ते शब्द आहेत म्हणून. आत मात्र जुन्या मंत्रपोथ्यांची झाडाझडती आहे. शिवाय त्याच मंडळीतला जादूगार ॲलिस्टर क्रौली खरोखर बदनाम होता, आणि बाहेरच्याला सगळे एकाच माळेचे मणी. तो क्रौली वेटची यथेच्छ टिंगल करायचा. फाटाफुटीच्या त्या वर्षांत वेट पोटासाठी काय करत होता म्हणाल, तर हॉर्लिक्सच्या लंडन कचेरीत मॅनेजर होता. त्यांचं मासिकही तोच सांभाळायचा.

तिसरा दावा मला सर्वांत खटकतो. वेटच्या नावाने १९०९ मध्ये निघालेले ते पत्ते त्याने चितारलेलेच नाहीत. कल्पना त्याची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. त्याआधीच्या बहुतेक संचांत आकड्यांच्या पत्त्यांवर रमीच्या पत्त्यांसारखी नुसती चिन्हं असत. तिने त्या चाळीसच्या चाळीस पत्त्यांवर चित्रं उभी केली. तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय घ्या, मागे पाऊस. ते मंत्राने उगवलेलं नाही. तशाच चित्राचा १५व्या शतकातला इटालियन पत्ता आहे आणि त्या संचाचे फोटो १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होते. तिने ते पाहिले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर वेलांटीसारखी वळलेली तिची सही दिसते. पत्ते मात्र वर्षानुवर्षं प्रकाशक रायडर आणि वेट यांच्याच नावाने विकले गेले. काम संपल्यावर तिने न्यूयॉर्कच्या स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराला कळवलं होतं, की भलंमोठं काम उरकलं, ऐंशी चित्रं, पण पैसे अगदीच थोडे.