हो ताई, आपला पोरगा फोनवर विचारतो

ताईने काल एक फॉरवर्ड पाठवला. त्याचा मजकूर असा : तुरुंगातले डॉक्टर एचआयव्हीच्या कैद्यांना फोनवर विचारून औषधं देतात, म्हणजे त्यांना स्वतःला काही येत नाही, रुग्णाला न बघता सांगणारा तज्ज्ञ कसला, गुन्हेगारांवर खर्च कशाला, आणि शेवटी, कैदी थुंकला तरी एचआयव्ही होतो. खाली ताईचा प्रश्न : 'आपला पोरगा पण असंच करतो का गं?' भाचा तुरुंगाच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. हो ताई, करतो. करायलाच हवं.

रुग्णाला बघतो तो भाचाच. तपासतो, रक्त काढायला लावतो, रिपोर्ट पुढ्यात घेऊन मग तज्ज्ञाला फोन लावतो. समजा, एचआयव्हीच्या कैद्याला टीबी निघाला. टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी एकदाऐवजी दोनदा द्यावी लागते. बाहेर हे सोपं. आत संध्याकाळी बराक बंद झाल्यावर दुसरी गोळी कोण देणार? कैद्याजवळ ठेवली आणि शेजारच्याने पाहिली, तर आजाराची बातमी बराकभर होणार. असले पेच ज्याने अनेकदा सोडवलेत त्याला विचारण्यात कसला आलाय कमीपणा? न विचारता एकाच गोळीवर ठेवलं, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका, तो कैद्याच्या जिवावर.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हे तपासून झालंय. हेपॅटायटिस सीचे ४०७ रुग्ण. काही विद्यापीठाच्या तज्ज्ञ दवाखान्यात, बाकीचे खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांकडे, ज्यांना तज्ज्ञ व्हिडिओवरून मार्गदर्शन करत. २०११ साली निष्कर्ष छापून आले : उपचार यशस्वी झाल्याचं प्रमाण तज्ज्ञांकडे ५७.५ टक्के, या डॉक्टरांकडे ५८.२. आजार वेगळा होता, फोन नव्हे व्हिडिओ होता, मान्य. पण लांबून दिलेला सल्ला फुकट जातो, हे कुठे उरलं?

एवढं मात्र कबूल करते की तज्ज्ञाला जेवढं सांगाल तेवढंच कळतं. कैदी दुसऱ्या तुरुंगातून आला आणि जुने व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती, याचे) कागद तिकडेच राहिले, तर सल्लाही लंगडाच. मग कागद वेळेवर पाठवा ना, फोन कशाला बंद करता?

थुंकीतून एचआयव्ही होत नाही. विषय संपला. वापरलेली सुई टोचली तर मात्र प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस घ्यावं लागतं. रात्री दोन वाजता नर्सला सुई लागली, तर सकाळपर्यंत थांबायचं का?

राहिला खर्च. कैद्यांना बाहेरच्यांसारखेच उपचार मिळावेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांत स्पष्ट आहे. आणि बहुतेक कैदी सुटून घरीच येतात. टेक्सासमध्ये २००४ ते २००७ या काळात सुटलेल्या, एचआयव्हीचे उपचार चालू असलेल्या २,११५ कैद्यांपैकी दहा दिवसांत औषध घ्यायला पोचले फक्त ५.४ टक्के. गेल्या आठवड्यात भाचा फोनवर होता तो याचसाठी : सुटणाऱ्या एकाच्या हातात किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, आणि पुढची चिठ्ठी कुठल्या दवाखान्याच्या नावे लिहायची.