बीएमआय तीसच्या वर गेला की पाण्यातली प्रसूती बंद?

“वजन जास्त असेल तर पाण्यातल्या प्रसूतीचा हट्ट धरू नका. बाईची शुद्ध हरपली तर तिला टबातून उचलता येत नाही, पाण्यात बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत, बाळ पहिला श्वास पाण्यातच घेते, आणि तसेही अशा बाईचे शेवटी सिझेरियनच होते.” या आशयाचा मजकूर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी गर्भवतींपर्यंत बहुधा एखाद्या काळजीवाहू मावशीकडूनच पोहोचतो. तो सगळाच खोटा नाही, म्हणून त्यातला एकेक मुद्दा सुटा करून पाहावा लागतो.

आधी ‘जास्त’ म्हणजे किती, हे ठरवू. ब्रिटनमध्ये धरला जातो तो गरोदरपणाच्या सुरुवातीला नाव नोंदवतानाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा. नवव्या महिन्यातले वजन त्यात येत नाही. उंची 160 सेंटिमीटर असेल तर 77 किलोला बीएमआय 30 होतो आणि 90 किलोला 35. म्हणजे सुरुवातीला 77 किलो असलेली बाई तेरा किलो वाढल्यावर घरच्या काट्यावर उभी राहून स्वतःला 35च्या गटात ढकलत असेल, तर तिचा हिशेबच चुकतो आहे. भारतात 25 पासूनच लठ्ठपणा मोजतात. तो आकडा मधुमेहाचा धोका ओळखायला उपयोगी आहे, पण ब्रिटनमधील प्रसूतिगृहे आपल्या रेषा त्यावरून ओढत नाहीत. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या ब्रिटिश संस्थेच्या 2014च्या मार्गदर्शनात 35च्या वर प्रसूतितज्ज्ञांच्या विभागात प्रसूती सुचवली होती आणि 30 ते 35 या टप्प्यात प्रत्येकीचा स्वतंत्र विचार करावा असे म्हटले होते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेज या संस्थेचे 2018चे मार्गदर्शन आणखी मोकळे आहे: बीएमआय 40च्या खाली असेल, तर केवळ तेवढ्यावरून डॉक्टरांच्या विभागाचा सल्ला देऊ नये, प्रसूती कुठे व्हावी याचा अधिक विचार मात्र करावा. प्रत्यक्षात टबासाठी काही रुग्णालये 35वर थांबतात, काही 40वर.

सिझेरियनचा मुद्दा सर्वांत जास्त घाबरवणारा आहे आणि त्याचीच मांडणी सर्वांत ढिसाळ आहे. वजनाबरोबर सिझेरियनची शक्यता वाढते, हे खरे. पण संदेशात पहिलटकरीण आणि आधी सुरळीत बाळंत झालेली बाई यांच्यात काही फरकच केलेला नाही. इंग्लंडमधील ‘बर्थप्लेस’ या मोठ्या पाहणीतील माहितीचे 2014 साली झालेले विश्लेषण इथे डोळे उघडणारे आहे. वजनाखेरीज दुसरी कोणतीही जोखीम नसलेल्या, 35च्या वर बीएमआय असलेल्या पण आधी बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी 21 टक्के जणींना वैद्यकीय हस्तक्षेपाची किंवा डॉक्टरांच्या उपचाराची गरज पडली; सामान्य वजनाच्या पहिलटकरणींमध्ये हेच प्रमाण 53 टक्के होते. तरीही सडपातळ पहिलटकरणीला टबाबद्दल सहसा कोणी हटकत नाही.

टबातून बाहेर काढण्याची चिंता मात्र रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. सुईणींनी पाठीला इजा करून घेत कोणाला उचलावे, अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण टबात असलेल्या बाईला एपिड्युरल (पाठीच्या कण्यापाशी देऊन कळा बधिर करणारे औषध) दिलेले नसते, गुंगी आणणारे अफूजन्य वेदनाशामक घेतल्यास दोन तास पाण्यात उतरू देत नाहीत, आणि जोखमीचे पहिले चिन्ह दिसताच तिला स्वतःच्या पायांनी बाहेर यायला सांगतात. शुद्ध हरपण्याच्या विरळ प्रसंगासाठी जाळी किंवा झोळीसारखे साधन ठेवलेले असते. पाण्याची पातळी वाढवली की शरीर तरंगते आणि काठापर्यंत आणणे सोपे जाते. हे साधन आपल्या रुग्णालयात आहे का आणि त्याचा सराव होतो का, हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

ठोके पाण्यातही ऐकता येतात. त्यासाठी जलरोधक डॉप्लर असतो. पोटावर चरबीचा थर जाड असला की ठोके सापडायला त्रास होतो, पण तो पलंगावरही होतोच. सलग नोंद लागणार असेल तर बिनतारी, पाण्यात चालणारे यंत्र लागते, आणि ते सर्वत्र नसते.

पहिल्या श्वासाबद्दल: बाळाला तोवर नाळेतून प्राणवायू मिळत असतो, आणि बाहेर पडताच त्याला सावकाश पृष्ठभागावर आणतात, पुन्हा पाण्यात बुडवत नाहीत. ब्रिटनमधील 26 केंद्रांच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पूल’ अभ्यासात पाण्यातील जन्माने बाळांचा धोका वाढलेला दिसला नाही. नाळ तुटण्याचे प्रमाण मात्र सुमारे एक टक्का, म्हणजे बाहेरच्यापेक्षा अधिक होते. अर्थात हा अभ्यास गुंतागुंत नसलेल्या स्त्रियांचा होता. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांची संघटना 2016 पासून कळा पाण्यात सोसायला मुभा देते, पण जन्म बाहेरच व्हावा असे सांगते.

कळा पाण्यात काढणे आणि बाळ पाण्यात जन्मणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. पहिल्याचा पुरावा भक्कम आहे: अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018च्या आढाव्यात 15 चाचण्या आणि 3,663 स्त्रिया होत्या, आणि पाण्यात कळा काढल्यास एपिड्युरलची गरज बहुधा कमी होते असे त्यात आढळले. जड शरीराला कूस बदलायला, गुडघ्यांवर यायला पाण्याचा आधार मिळतो, तोही याच टप्प्यात. तेव्हा बाळाच्या जन्मापूर्वी बाहेर यायचे ठरवूनही टब मागता येतो.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, तोच खरा अडसर ठरू शकतो: गरोदरपणातला मधुमेह. दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो, त्यात बाळ मोठे होऊन खांदे अडकण्याची शक्यता वाढते, आणि तशा वेळी बाई पाण्याबाहेरच हवी. वार पडतानाचा रक्तस्राव वजनाबरोबर वाढू शकतो आणि पाण्यात त्याचा अंदाज नीट येत नाही. म्हणून बाळ पाण्यात जन्मले तरी वारेसाठी बाहेर येण्याची गोष्ट वरिष्ठ सुईणीशी आधीच बोलून आपल्या नोंदींत लिहून घ्यावी.