भावी आमदारसाहेब, आधी सेटिंग बदला

दादा, विटा-तासगाव रस्त्यावरचा तुमचा वाढदिवसाचा फ्लेक्स बघितला. मधोमध तुम्ही गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग आणि वर ‘भावी आमदार’. वाईट वाटून घेऊ नका, पण फ्लेक्सचा जमाना गेला. चार दिवसांनी कुणीतरी तो उतरवून गोठ्यावर टाकतो आणि पावसाळाभर तुम्ही म्हशींवर कृपाछत्र धरून राहता. म्हशींना मत नसतं.

आता मतदार मोबाइलमध्ये राहतो. तिथं जायला ना जीप लागते, ना डिझेल, ना भोंगा, ना मागं बसलेल्या पोरांचा वडापाव. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि प्रचाराचा निम्मा खर्च मतदारानं स्वतःच्या रिचार्जमधून उचलला. इतका दिलदार मतदार वसंतदादांनासुद्धा लाभला नव्हता.

तेव्हा पहिलं काम, नंबर गोळा करा. त्यासाठी दारोदार हिंडू नका. पतसंस्था, दूध डेअरी, कारखान्याची सभासद यादी, सगळीकडं आपलीच माणसं बसलीत. बायकांचे नंबर मिळत नाहीत म्हणता? संक्रांतीला हळदी-कुंकू ठेवा, ‘खेळ पैठणीचा’ लावा आणि लकी ड्रॉच्या कूपनवर नाव, गाव, मोबाइल अशा तीन रेघा छापा. पैठणी एकीला, नंबर सगळ्यांचे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय खरा, पण कूपन भरून घेताना तो वाचून दाखवायची आपल्याकडं पद्धत नाही.

मग गावागणिक व्हॉट्सॲप ग्रुप. एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, म्हणजे मध्यम गावात घरटी एक तरी सहज. नाव ‘जनसंवाद’ ठेवा. आणि ग्रुप झाल्याबरोबर, चहा प्यायच्या आधी, सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे दाबा. ते राहिलं तर काय होतं हे शेजारच्या तालुक्यातल्या एका इच्छुकाला विचारा. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘साहेब, आमची डीपी बदला, मोटारी बंद हायत.’ ग्रुप सांभाळणारं पोरगं पुण्यातनं आणलेलं. त्यानं तासाभरात साहेबांचा नवा फोटो लावला, जॅकेटवाला. ट्रान्सफॉर्मर अजून तसाच जळका आहे.

पुढं मतदार यादीचं ॲप. आयोगाच्या यादीत नाव, वय, घर क्रमांक असलं काही असतं. ॲपमध्ये त्यात रंग भरता येतात. हिरवा आपला, लाल त्यांचा, पिवळा तळ्यात-मळ्यात. पूर्वी हे सगळं गावातल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या डोक्यात असायचं. कुणाचं बांधावरनं वाजलंय, कुणाची पोरगी कुणाच्या घरात दिलीय, कुणाचं ऊसबिल अडकलंय. पण त्या डोक्याला तोंडही असायचं, हीच तर अडचण. ‘साहेब, त्यांच्या दारात गेलं पाहिजे, मागच्या वेळी शब्द दिलाय,’ असं ते चारचौघांत म्हणून मोकळं व्हायचं. ॲपला शब्दबिब्द आठवत नाही.

आणि मला तर ॲपचा खरा फायदा वेगळाच दिसतो. लाल घरात जाण्यात अर्थ नाही, हिरव्या घरात जायची गरज नाही. ज्यानं तीन पिढ्या डोळे झाकून मत दिलं, त्याच्या उंबऱ्याशी चपला काढायचं तुमचं काम वाचलं. उरले पिवळे. त्यांच्याकडं पोरगं पाठवा, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ब्लूटूथचा छोटा प्रिंटर. नाव सांगितलं की एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी बाहेर येते. भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्र आणि तळाशी तुम्ही, हात जोडून. तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत त्यावरचं सगळं पुसट होत जातं. चिंता नको, तोवर निकाल लागलेला असतो.

मतदाराशी प्रत्यक्ष बोलायची फारच हौस असेल तर रेकॉर्डिंग करा. ‘नमस्कार, मी तुमचा दादा बोलतोय,’ आणि एका बटणावर मतदारसंघभर फोन वाजतात. वाळव्याकडच्या एका म्हातारीला मी असा फोन घेताना बघितलं. ‘बोला साहेब,’ म्हणाली. साहेब विकासावर बोलले. ती म्हणाली, ‘त्ये खरं, पर निराधारची पगार तीन म्हैनं झालं आली न्हाई.’ साहेब म्हणाले, ‘मला खात्री आहे, तुमचा आशीर्वाद माझ्या पाठीशी आहे.’ ‘हाय की,’ म्हातारी म्हणाली, ‘पर त्येवढं पगारीचं बगा.’ साहेब ‘धन्यवाद’ म्हणाले आणि फोन बंद झाला. तिनं आत वळून सुनेला सांगितलं, ‘घातलंय मी दादांच्या कानावर.’ आता सांगा, सभेत असं समाधान होतं का? सभेत माणूस उठून उभा राहतो आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नाही.

रीलबद्दल जास्त सांगत नाही, तुमची पोरं त्यात तयार आहेत. फक्त रक्षाविसर्जनाला जाताना कॅमेरावाल्याला गाडीआधी पोचू द्या, आणि घरच्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात तो ‘झालं’ म्हणेपर्यंत काढू नका.

पाण्याचा वापर मात्र जपून. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार, वय ७८, भर पावसात बोलत उभे राहिले. तो व्हिडिओ रातोरात महाराष्ट्रभर गेला आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांचे श्रीनिवास पाटील निवडून आले. त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णेला महापूर, निम्मी सांगली पाण्यात, आणि पूरपाहणीच्या बोटीतून हसत हात हलवणाऱ्या एका मंत्र्यांचा व्हिडिओ असाच घरोघरी पोचला. लोकांनी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आपल्याकडं प्रत्येक इच्छुक सभेची तारीख हवामान बघून धरतो. एकानं तर टँकर सांगून ठेवला होता म्हणतात. खरं-खोटं टँकरवाल्याला ठाऊक. साताऱ्याच्या त्या भाषणात पवारांनी लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं जाहीर कबूल केलं होतं. नक्कल करणाऱ्यांनी तेवढा भाग गाळलेला दिसतो. तुम्हीही गाळा, नुसतं भिजा.

कायद्याचं म्हणाल तर तोही सांभाळता येतो. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात तुमची सोशल मीडियावरची खाती लिहावी लागतात, इंटरनेटवरच्या जाहिरातीला आधी माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी लागते आणि तो खर्च विधानसभेच्या ४० लाखांच्या मर्यादेत बसवावा लागतो. म्हणून अधिकृत पान अगदी सोवळ्यात ठेवा, जयंत्या, पुण्यतिथ्या, दहावीच्या पोरांचं अभिनंदन. बाकीचं बोलायला ‘कट्टर दादासमर्थक’ आहे. ते पान कोण चालवतं हे तुम्हाला माहीत नाही, त्याचे पैसे कोण देतं हे तर त्याहून माहीत नाही. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास कायदा तुमचं तोंड बंद करतो, समर्थकाला मात्र त्याच रात्री कंठ फुटतो.

हल्ली एआय आलंय. जतच्या पूर्व भागात पुष्कळ लोक कानडी बोलतात आणि वर्षानुवर्षं पाणी मागतात. आजवर तुमची अडचण अशी, की ते काय मागतात हे कळायला दुभाषा लागायचा. आता तुमच्याच आवाजात, अस्खलित कानडीत आश्वासन देता येईल. बनावट व्हिडिओ लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा, असं आयोगानं मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलंय. पण हा व्हिडिओ काही बनावट नाही, आवाज तुमचा, आश्वासनही नेहमीचंच.

निकालानंतर ग्रुप मोडायची घाई करू नका. रोज सकाळी फुलाचा फोटो, एकादशीला विठ्ठल, मधूनच तुम्ही मंत्रालयाच्या पायरीवर, असं पाच वर्षं चालू ठेवा. कुणी मधेच ग्रुप सोडला तर ॲपमध्ये त्याच्या घराला लाल रंग लावा, आणि गल्लीतली गटार कुणाच्या दारापर्यंत न्यायची ते ठरवायला बसाल तेव्हा मोबाइल चार्ज केलेला असू द्या.