रायफल भंगार नव्हती, दारू बदलली होती

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या आमच्या लातूर-नांदेडकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: रशियन रायफल एके-४७ कधीच अडकत नाही, अमेरिकी रायफल एम-१६ भंगार निघाली म्हणून अमेरिका व्हिएतनाममध्ये हरली, आणि आपल्या सैन्याची इन्सास रायफल देशी, म्हणून कारगिलला दगा दिला. खाली नेहमीचं, 'खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा'.

एम-१६ व्हिएतनाममध्ये अडकत होती आणि त्यापायी जवान मेले, हे खरं आहे. पण का अडकत होती? सुरुवातीच्या चाचण्या झाल्या त्या काडतुसातल्या काडीसारख्या दाण्यांच्या दारूवर. पुढे सैन्यानं काडतुसात गोल दाण्यांची दारू भरायला लावली. तिच्यामुळं एकापाठोपाठ गोळ्या सुटण्याचा वेग वाढला आणि आत काजळीही जास्त धरू लागली. चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत ते गंजून खरबरीत झालं, की उडालेल्या काडतुसाची पुंगळी आतच चिकटून बसायची. मग समोर शत्रू असताना नळीत गज घालून ती ठोकून काढायची! बरं, साफसफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं, कारण 'हिला फारसं साफ करावं लागत नाही' अशी समजूत पसरलेली. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं चौकशी केली आणि दारू बदलण्यावरच बोट ठेवलं.

आपल्याकडं ओलं सोयाबीन घातलं की मळणी यंत्र चोंदतं आणि शिव्या खातं यंत्र. तशातलीच गत.

'म्हणून हरली' हे तर हिशेबातच बसत नाही. चेंबरला क्रोम आलं, साफसफाईचं सामान पोचलं, तशा तक्रारी कमी झाल्या. आणि अमेरिकी फौज परतली त्यानंतर, १९७३ ला.

आता एके. ती कमी अडकते, मान्य. तिच्या काडतुसाची पुंगळी निमुळती असते, त्यामुळं चेंबरमधून चटकन सुटते. नळीला आतून क्रोमही असतं, म्हणजे एम-१६ ला सुरुवातीला नाकारलं तेच. पण कधीच नाही? सेफ्टीचा खटका खाली केला की बाजूला फट उघडी पडते. तिच्यातून आपल्या काळ्या रानातल्या पावसाळी गाऱ्यासारखा चिखल आत गेला तर तीही अडकून बसते. शिवाय तीनशे मीटरच्या पुढं गोळी झपाट्यानं खाली पडते.

इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, १९९९ ला कारगिलच्या थंडीत तडकली, ही तक्रार जवानांचीच आहे. ती झाकायची नाही. पण तिची आतली रचना एकेच्याच घराण्यातली आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. आणि 'देशी म्हणून' असेल, तर ब्रिटिशांची स्वतःची एसए-८० रायफल कुठं बसवायची? १९९१ च्या आखाती युद्धात ती वाळूत अडकायची, मॅगझीन गळून पडायची. शेवटी जर्मन कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावी लागली. कॅनडाची रॉस रायफल तर नेमबाजीच्या मैदानावर अव्वल. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात तिचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) हलेना, तेव्हा कॅनडाच्या सैनिकांनी ती टाकून मेलेल्या इंग्रजांच्या ली-एनफिल्ड रायफली उचलल्या.

राहिला फॉरवर्डमधला 'एके-४७'चा फोटो. त्या रायफलच्या तोंडाला तिरका काप आहे. ती एके-४७ नव्हेच, तिची सुधारित आवृत्ती एकेएम, १९५९ ला आलेली.