वॉल्ट डिस्नेच्या नावाने कोणाची जमीन गेली?

मुंबईतल्या काही उपनगरी स्थानकांची इंग्रजी नावं बदलायला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा इथे नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींत एकच सूर होता. 'यांना दुसरे उद्योग नाहीत. नेदरलँड्समध्ये बघा, नावावरून कधी भांडण होतं का?' करी रोडचं लालबाग झालं म्हणून सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा होणार नाही, हे कबूल. पण नेदरलँड्सचा दाखला मला पटत नाही. त्यातही मी राहते त्या अल्मेरेचा तर मुळीच नाही, आणि नेमका तोच सगळ्यांत आधी पुढे केला जातो.

अल्मेरे ॲमस्टरडॅमच्या पूर्वेला, पाण्याच्या तळावर वसलंय. १९३२ मध्ये समुद्राला बांध घालून डच लोकांनी खाडीचं सरोवर केलं. त्यातला दक्षिण फ्लेवोलँडचा तुकडा पाणी उपसून १९६८ मध्ये कोरडा झाला आणि १९७६ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. आज वस्ती दोन लाखांच्या वर आहे. एवढ्या गावाला एकदम नावं पुरवायची म्हणजे नगरपालिकेला पोतंभर नावं हवीत. त्यांनी विषय वाटून घेतले. फिल्मवाइकमध्ये सिनेमावाले, म्युझीकवाइकमध्ये संगीतकार, क्राउडेनवाइकमध्ये मसाल्याच्या आणि औषधी वनस्पती, आणि एका मोहल्ल्यात चक्क कॉमिक्समधले नायक. वॉल्ट डिस्नेच्या नावाची हिरवळ आहे, ग्रेटा गार्बोच्या नावाचीही. म्युझीकवाइक हे तर रेल्वे स्टेशनचंच नाव. आपल्याकडेही वारांवरून पेठा पाडल्याच होत्या की, सोमवार ते रविवार. त्या नावांवरूनही कुणी डोकी फोडल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय इथे नावावर फारसं काही अडत नाही. चार आकडे, दोन अक्षरांचा पोस्टकोड आणि घर नंबर सांगितला की पत्ता पूर्ण. रस्त्याचं नाव विसरलात तरी पार्सल दारात येतं.

पण हे सगळं जमलं कारण डिस्नेच्या हिरवळीखाली कुणाचं शेत नव्हतं. तिथे मासे होते. ज्या जमिनीला आधीचा मालकच नाही, तिला काहीही नाव द्या, कोण मोर्चा काढणार?

नवी मुंबई अल्मेरेच्याच पिढीतली. ती वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, १९७० सालची. इथे जशी हाफेन, स्टाड, बाउटेन अशी वेगवेगळी केंद्रं आणि त्यांच्यामध्ये मोकळी हिरवी जागा, तशी तिथे वाशी, नेरूळ, खारघर अशी उपनगरं, प्रत्येकाचा आपापला बाजार आणि शाळा. कागदावर सख्खी भावंडं शोभतील. फरक एवढाच की सिडकोच्या नकाशाखाली ९५ गावं होती. आगरी-कोळ्यांची शेतं, मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील यांचंच नाव हवं म्हणून हजारो माणसं सिडकोच्या दारात जमली, ती याच गावांची. त्या नावाला नसता उद्योग म्हणणाऱ्याने जासईत जाऊन तसं म्हणून दाखवावं. जमीन गेली, गावाचा सेक्टर झाला. निदान पाटीवर तरी आपलं माणूस असावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

आणि डच लोक भांडत नाहीत हेही खरं नाही. जिथे नावामागे इतिहास आहे तिथे तेही पाट्या उतरवतात. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ॲमस्टरडॅमने दक्षिणेकडच्या तीन रुंद रस्त्यांना चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांची नावं दिली. दहा वर्षांनी सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले आणि स्टालिनची पाटी गेली. आता तो रस्ता स्वातंत्र्याच्या नावाने ओळखला जातो. चर्चिल मात्र टिकला, आणि त्याच्याच रस्त्यावर पुढे गांधीजींचा पुतळा उभा राहिला. ही थट्टा कुणाला सुचली असती तर बरं होतं, पण बहुधा ती सुचलेली नसावी. ॲमस्टरडॅमच्याच ट्रान्सवाल मोहल्ल्यातल्या रस्त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या, पुढाऱ्यांची नावं होती. वर्णभेदाच्या काळात, १९७८ मध्ये, तिथल्या प्रेटोरियस चौकाला वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या स्टीव्ह बिकोचं नाव मिळालं. होर्नमधल्या यान पीटरझोन कून या वसाहतवाल्याच्या पुतळ्यावरून तर अजून जुंपते.

मग नेदरलँड्सकडून घ्यायचं काय? माझ्या मते आखणी. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. महारवाड्याचं समतानगर, भीमनगर व्हायचं. ते व्हायलाच हवं होतं, उलट फार उशिरा झालं. पण पाटी बदलली तरी वस्ती होती तिथेच, गावाच्या कडेला, असं किती गावांत राहिलं ते आपण जाणतो. अल्मेरेच्या एकाच मोहल्ल्यात परवडणाऱ्या भाड्याची घरं आणि विकत घेतलेली घरं शेजारी शेजारी असतात, पोरं एकाच शाळेत जातात. ग्रेटा गार्बोच्या पत्त्यावरून तिथे राहणाऱ्याची कुळी कळत नाही. सायकलीचा रस्ता, बसचा रस्ता, गाडीचा रस्ता वेगळा. हे आपोआप झालेलं नाही, नकाशा काढतानाच ठरलेलं आहे.

सगळं गोड आहे असंही नाही. ॲमस्टरडॅमच्या बेलमरमेर भागातल्या उंच इमारती साठच्या दशकात याच आत्मविश्वासाने आखल्या आणि पुढे पैसेवाले डच तिथे जाईनात. आम्ही भारतीय ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या अॅमस्टेलफेनमध्ये इतके एकवटलोय की वेस्टवाइकच्या ट्राममध्ये फोनवरचं मराठी सहज कानावर पडतं. मिसळून राहा, असा उपदेश आम्ही कुणाला करू नये.

नवी मुंबई विमानतळाच्या भोवती आता 'नैना' नावाचं नवं शहरी क्षेत्र आखलं जातंय. पुन्हा गावं, पुन्हा सिडको, पुन्हा नगररचना योजना, आणि प्रत्येक योजनेला हरकती-सूचनांची मुदत. नावासाठी मोर्चाला आलेल्यांनी त्या मुदतीतही तेवढ्याच संख्येने यावं आणि नकाशा मागून घ्यावा: गावठाणाला रस्ता कुठून, शाळा कुणाच्या वाट्याला, परत मिळणारा भूखंड मोक्यावर की नाल्याकडेला. आणि विमानतळाच्या पाटीवरचा हक्कही अजिबात सोडू नये.